तांबड्याचा दुसरा भाग

घाटनांदूरच्या बाजारात मेंढरू घ्यायचं झालं, तर चाळीस वर्षं माणसं आधी आप्पारावला शोधायची आणि मग मेंढराला. आप्पाराव जातीचा धनगर, पासष्टीच्या घरातला, अंगानं सुकलेला आणि जिभेनं तिखट. दुसऱ्याचं जनावर पारखून द्यायचे तो पैसे घेत नसे. एक कप चहा, तोही बशीतून. आधी दात बघायचा, मग पाठीवरून हात फिरवायचा, डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचा आणि शेवटी म्हणायचा, "आता चालवून दाखव." जनावर चालून झालं की एकच शब्द, घे नाहीतर सोड. या शब्दाला बाजारात फार मान होता. लोक त्याचं कौतुक करू लागले की आप्पाराव ऐकून न ऐकल्यासारखं करायचा, म्हणजे अगदी नीट ऐकायचा.

मागच्या आषाढात म्हाळूनं त्याला बाजारात गाठलं. म्हाळू त्याच्याच वस्तीवरचा, तिशीतला, कमी बोलणारा गडी. त्याच्याकडे चाळीस मेंढ्या होत्या आणि पैदाशीचा मेंढा नव्हता. एका जीपमध्ये विकायला मेंढा आलेला होता, उंचापुरा, काळाभोर. आप्पारावनं विचारलं, "कुणाचा?" विकणारा म्हणाला, "आश्रुबाच्या काळ्याचा." संपलंच. आश्रुबाचा काळ्या म्हणजे पंचक्रोशीत नावाजलेला मेंढा. त्याची कोकरं जिथं गेली तिथं कळप वाढले. "काळ्याचा हाय? मग घे डोळे झाकून," आप्पाराव म्हणाला, आणि डोळे झाकले त्यानं स्वतःच. दात पाहिले नाहीत, मेंढा जीपमधून खाली उतरवला नाही, चालवला तर नाहीच. समोर चहा आलेला होता.

मेंढ्याचे मागचे पाय अधू निघाले. मेंढीवर चढायला गेला की तो लटपटायचा आणि बाजूला व्हायचा. पाच महिन्यांनी चाळीस मेंढ्यांत सात कोकरं झाली. म्हाळूचं अख्खं साल बुडालं. वस्तीवर चार माणसांनी आप्पारावला विचारलं, असं कसं झालं? तेव्हा तो घाईघाईनं बोलून गेला, "मी चालवून पाहिलता. चांगला चालत व्हता. म्हाळूनं राखला न्हाई त्येला." म्हाळूची बायको केसरबाई तिथंच पाण्याची घागर घेऊन उभी होती. म्हाळूही होता. तो काही बोलला नाही, आणि तो बोलला नाही म्हणजे त्याला काही आठवत नसावं, अशी आप्पारावनं स्वतःची समजूत काढली. लोकांनी आप्पारावचा शब्द उचलून धरला. म्हाळू आळशी, म्हाळू मेंढ्याला उपाशी ठेवतो, असं सगळीकडे झालं.

पण सगळ्यांचं तोंड कोण धरणार? काही जण म्हणायला लागले की म्हाताऱ्याचे डोळे गेले. संक्रांतीनंतरच्या बाजारात दोन माणसं आप्पारावच्या समोरून गेली आणि त्याला न विचारता मेंढ्या घेऊन आली. आप्पारावला ते फार लागलं. सत्य सांगावं तर शब्द गेला, न सांगावं तरी शब्द चाललाच होता. दोन्हीकडून कोंडी झाल्यावर माणूस चिडचिडा होतो, तसा तो झाला होता.

अशा मनःस्थितीत एका दुपारी तो सिद्धेश्वरशेटच्या दुकानात मेंढरांसाठी खडेमीठ घ्यायला गेला. सिद्धेश्वरशेट वाणी, कपाळावर विभूती, तोंडावर कायम हिशेबी हसू. दुकानाला लागून पेंडीची पोती ठेवायची खोली होती. त्या खोलीतून एकदम आरडाओरडा आला. आप्पाराव दचकला.

"भांडणं लागली का काय?"

"भांडणं कसली," शेट म्हणाले. "आमच्या शिवांजलीचा कारखाना हाय तो. तुमी बगा जाऊन. मला तर काही उमजत न्हाई."

शिवांजली ही शेटची थोरली मुलगी. बी. ए.ची परीक्षा देऊन घरी बसली होती, पण बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. बापाच्या मागे लागून तिनं पेंडीची पोती परसात हलवली, दोन टीव्ही आणले आणि दारावर 'व्हिडिओ गेम' अशी पाटी रंगवली. वाण्याची पोरगी पोरांना खेळ खेळवते म्हणून गाव आठवडाभर बोललं, मग गावच रांगेत येऊन उभं राहिलं. आप्पारावनं दारातून आत डोकावलं. पेंडीचा वास अजून गेला नव्हता. टीव्हीत तांबड्या कपड्यांतला एक गडी घरांच्या माळवदांवरून उड्या मारत होता आणि त्याच्या हातातून वीज निघत होती. लखन नावाचा, दुधाचा टेम्पो चालवणारा बावीस वर्षांचा पोरगा, हातातला रिमोट दाबत घामाघूम झाला होता.

"ह्यो कोन?" आप्पारावनं विचारलं.

"तांबड्या," शिवांजली म्हणाली. "खरं नाव इंग्रजीत आहे, पण ते कुणाला म्हणता येत न्हाई. लई ताकदीचा हाय मामा. लोकांना वाचवतो, वाइटांना मारतो."

"आन ओरडत कावून व्हते?"

मग तिनं सगळं सांगितलं. तांबड्याचा पहिला गेम गावानं सहा महिने खेळला, पार तोंडपाठ केला. आता त्याचा दुसरा भाग निघाला आहे. तिनं अंबाजोगाईच्या दुकानातून ती कॅसेट जांगडवर आणली होती. म्हणजे पसंत पडली तर ठेवायची, नाहीतर बाजाराच्या दिवशी परत पाठवायची. आणि इथं पोरांत दोन तट पडले होते. अर्धे म्हणत होते भारी आहे, अर्धे शिव्या देत होते.

"दुसरा भाग म्हंजी काय?"

"पहिल्याचाच पुढचा. तोच तांबड्या, पण नवा."

"म्हंजी त्येचं पिल्लू म्हन की."

शिवांजली हसली. "तसंच म्हना. मामा, तुमी मेंढरं पारखता ना? मग हे पिल्लू पारखून द्या की मला. ठेवू का परत करू?"

लखननं रिमोटवरून नजर न काढता म्हटलं, "दे की. म्हाळूचा मेंढा पारखलाच हाय त्येंनी."

दोघंतिघं फिसकन हसले. आप्पारावची कानशिलं तापली. चार महिन्यांपूर्वी असं बोलायची कुणाची छाती झाली नसती. तो उलट पावली गेला असता, पण गेला नाही. एक तर रागानं पाय जमिनीला चिकटले होते, आणि खोटं कशाला बोला, टीव्हीतला तो गडी दोन माळवदांच्या मध्ये हवेत लटकला होता आणि तो पडतो की काय हे त्याला बघायचंच होतं. त्यानं मिठाची पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि पोत्यावर मांडी घातली.

"आधी बाप दाखव," तो म्हणाला.

"बाप?"

"पहिला भाग गं. बाप पाहिल्याबिगर पिल्लाचं काय सांगू?"

त्या दुपारी शिवांजलीनं त्याला पहिला भाग पूर्ण खेळून दाखवला. आप्पारावनं इतके प्रश्न विचारले की ती दोनदा हरली. हा खातो कधी? लाल डबा दिसला की त्याच्यावरून चालत जायचं, मग ताकद येते. चावत नाही? नाही. याचं घर कुठं? दाखवत नाहीत. मग याला कळतं कसं कुणाला वाचवायचं ते? यावर तिनं पुढची उडी मारली. एक गोष्ट मात्र आप्पारावच्या लक्षात आली. तांबड्याला एका वेळी एकच वीज फेकता येत होती आणि पडला की मेला. त्यामुळे प्रत्येक उडीला खोलीतली सगळी पोरं श्वास धरून बसत होती. आप्पारावनंही धरला होता.

"बाप कसदार हाय," तो उठताना म्हणाला. "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी तो मिठाचं निमित्त नसतानाही आला. आज पिल्लू होतं. आणि पिल्लू देखणं होतं, त्यात शंका नाही. शहर मोठं, रंग झगझगीत, तांबड्याच्या पाठीवर डगला फडफडत होता. आता तो उडतही होता, घटकाभर का होईना. दोन्ही हातांनी वीज सोडत होता. शिवाय दोन माणसांना एकदम खेळता येत होतं. एकाचा तांबड्या, दुसऱ्याचा त्याचा जोडीदार. मध्येच एखादं घर पेटायचं, खिडकीतून बाई हात हलवायची आणि मारामारी सोडून आधी तिला खाली आणावं लागायचं. हे आप्पारावला एवढं आवडलं की तो गुडघ्यावर सरकत टीव्हीच्या पुढ्यात गेला.

"हे बापात न्हवतं," तो म्हणाला. "बाप नुसता मारत सुटायचा. ह्येला कळवळा हाय."

"मग ठेवू?"

"घाई करू नगं."

तिसऱ्या दिवशी त्याला खोडी दिसायला लागल्या. शत्रू सगळे एकाच तोंडाचे होते, नुसते सदरे बदलून यायचे. तिसरी गल्ली म्हणजे पहिलीच गल्ली, वेगळा रंग मारलेली. "हितनं तर आपन काल गेलतो," आप्पाराव म्हणाला आणि पोरांना ते पहिल्यांदाच दिसलं. वीज इतकी मुबलक होती की कुणी जपून वापरत नव्हतं. आणि सगळ्यात मोठा राक्षस, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो लखननं जांभई देता देता मारला.

"उडाया लागल्यावर भ्याव कशाचं ऱ्हातं?" आप्पाराव म्हणाला. "काल कुनी श्वास धरला का तुमच्यातल्या?"

कुणी धरला नव्हता. शिवांजली विचारात पडली. तिला कॅसेट मनातून आवडली होती आणि आता ती परत पाठवावी लागणार असं दिसत होतं.

पण एक गोष्ट आप्पारावला खुपत होती. लखन हा गावातला सगळ्यात तरबेज खेळणारा, पहिल्या भागात तो डोळे मिटून जिंकायचा. आणि इथं अरुंद माळवदांवर आला की तो सारखा पडत होता. राक्षस मारणारा गडी साध्या भिंतीवरून पडायचा. दर वेळी लखन उजव्या अंगठ्याकडे बघून त्याला शिवी द्यायचा. दोन दिवस त्यानं अंगठ्याला बाम चोळला होता. सगळ्या खोलीत पेंड आणि बाम यांचा मिळून एक विचित्र वास सुटला होता. बाकीची पोरंही तिथंच पडत होती आणि तीही आपापल्या बोटांना बोल लावत होती.

"थांबीव," आप्पाराव म्हणाला. "मारामारी नगं. नुसतं चालवून दाखव त्येला."

"नुसतं चालवू?"

"हां. चाल. थांब. मागं फिर. आता एक उडी मार आन हुबा ऱ्हा."

लखननं वैतागून रिमोट शिवांजलीकडे दिला. तिनं तांबड्याला रस्त्यावर नुसतं चालवलं. चालला, थांबला, फिरला, उडी मारून उतरला. आप्पाराव टीव्हीला नाक लावून बघत होता. "परत," तो म्हणाला. तिनं परत उडी मारली. "परत." दहा वेळा तरी झालं असेल. पोरं कंटाळून चुळबुळ करायला लागली. मग आप्पारावनं काडेपेटीतली एक काडी काढली, तांबड्या जिथं उतरला तिथं काचेवर धरली आणि म्हणाला, "आता बगा."

तांबड्या काडीपाशी उतरला आणि थांबायच्या आधी दोन पावलं पुढे घसरला. पहिल्या भागाची कॅसेट लावून तेच केलं. बाप जिथं उतरला तिथंच खिळून उभा राहिला. पुन्हा दुसरा भाग. पुन्हा दोन पावलं. रुंद रस्त्यावर ते कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. अरुंद भिंतीवर मात्र दोन पावलं म्हणजे मरण.

लखननं रिमोट घेतला, भिंतीच्या मध्यापासून दोन पावलं अलीकडे उतरेल अशी उडी मारली आणि तांबड्या भिंतीवर घसरत जाऊन बरोबर मधोमध उभा राहिला.

"आयला," लखन म्हणाला. "म्हंजी माझा अंगठा ठीक हाय."

"पहिल्या भागात चालत व्हता न्हवं तुझा अंगठा?"

"चालत व्हता की."

"मग त्येला कावून बोल लावत व्हतास चार दिस?"

"मग कुनाला लावनार?" लखन म्हणाला. "तांबड्याचाच गेम हाय हा. पहिला एवढा भारी निघाला, मग दुसऱ्यात खोट आसंल असं कुनाला वाटंल? आपनच कुठंतरी चुकतोय असंच वाटतं मानसाला."

आप्पारावला यावर काहीतरी बोलायचं होतं. बाप चांगला, म्हणून पिल्लू चांगलं. आणि पिल्लू पडलं तर दोष राखणाऱ्याचा. हे तो लखनला समजावून सांगणार होता, तेवढ्यात त्याला काळाभोर मेंढा दिसला, जीपमध्ये उभा असलेला. त्याला लाज वाटली. लखन तरी स्वतःच्याच अंगठ्याला शिव्या देत होता. आप्पारावनं म्हाळूला दिल्या होत्या, आणि त्याही चार माणसांत.

"मामा, मग काय करू?" शिवांजली विचारत होती. "परत पाठवू?"

"ठेव," आप्पाराव म्हणाला. "जोडीनं खेळता येतंय, बायकामानसं वाचवता येत्यात, ते गुन लहान न्हाईत. पर खोड सांगून ठेव. आमच्यात जनावराची दोरी दुसऱ्याच्या हातात द्यायच्या आधी खोड सांगत्यात. लाथ मारतं, दूध चोरतं, जे आसंल ते. सांगितलेल्या खोडीपायी कुनी भांडाया माघारी येत न्हाई. लपवलेली मात्र जन्माची लाज आसती."

शिवांजलीनं तिथल्या तिथं पुठ्ठ्यावर लिहिलं, 'दुसरा भाग : उतरल्यावर पाय घसरतो, उडी दोन पावलं अलीकडे मारावी', आणि तो टीव्हीवर डकवला. आप्पारावला वाचता येत नव्हतं. त्यानं लखनकडून वाचून घेतलं, मान हलवली आणि निघून गेला. त्याची मिठाची पिशवी परवापासून कोपऱ्यातच होती, ती आजही राहिली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. म्हाळूनं तो काळा मेंढा खाटकाला द्यायला आणला होता. कडुनिंबाखाली दोरी हातात घेऊन उभा होता, आणि वस्तीवरची सहा-सात माणसं नेहमीच्या जागी बिड्या ओढत बसली होती. आप्पाराव वस्तीपासून चालत येताना रस्ताभर वाक्य जुळवत होता. डोळ्यांवर झापड आली होती म्हणावं, ऊन होतं म्हणावं, विकणाऱ्यानं फसवलं म्हणावं. कडुनिंबापाशी पोचेपर्यंत यातलं एकही वाक्य धड उरलं नाही.

"म्हाळू," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "ह्यो मेंढा मी चालवून पाहिला न्हवता. जीपमधनं खाली बी उतरीवला न्हाई. बापाचं नाव ऐकलं आन घे म्हनलो. तुझी राखन चांगली व्हती. खोटं मी बोललो."

बिड्या ओढणाऱ्यांपैकी एकानं बिडी विझवली. दुसरा उगाच खोकला. आप्पारावनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. चाळीस वर्षांचा शब्द आता गेला, हे त्याला माहीत होतं, आणि तो गेला तरी छाती थोडी हलकी झाली याचं त्याला आश्चर्य वाटत होतं.

म्हाळू मेंढ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "मला ठावं हाय," तो म्हणाला.

"काय ठावं हाय?"

"तुमी पाहिला न्हाई ते. मी जीपमधीच हुबा व्हतो की आप्पा. दोरी माझ्याच हातात व्हती."

आप्पाराव तिथंच मातीत बसला. एवढे महिने तो ज्या गोष्टीला दडवत होता, ती या पोरानं पहिल्या दिवसापासून बघितलेली होती, आणि मूग गिळून बसला होता.

"मग बोलला कावून न्हाईस?"

"काय बोलू? माझ्या बापाला पहिली मेंढी तुमी निवडून दिल्ती. तुमी खोटं बोलताय असं मी म्हनलो असतो, तर पटलं असतं का कुनाला? आन पटलं असतं तर मग पुढल्या साली ह्या समद्यांनी कुनाला इचारायचं?"

खाटीक आला, मेंढ्याकडे बघून गेला, परत येतो म्हणाला. आप्पारावनं डोळ्यांना पटक्याचं टोक लावलं आणि लपवायचा प्रयत्न केला नाही.

"आता मी काय करू तुझं? सांग. पुढला मेंढा मी माझ्या कळपातला देतो."

"मेंढ्याचं बगू," म्हाळू म्हणाला. "हितं सांगितलं ते झालं. पर तुमी आज घरी चला माझ्या. केसरला सांगा. त्या दिशी तिनं तुमचं ऐकलं तवापासनं ती मला म्हनती, मुक्या जनावराला उपाशी ठिवलंस. मी सांगून थकलो. तिला तुमचाच शब्द खरा वाटतो."

आप्पाराव उठला. त्यानं धोतर झटकलं आणि चहावाल्याला हातानंच नको म्हणून खूण केली. म्हाळूनं मेंढ्याची दोरी शेजारच्याच्या हातात दिली. मग दोघं वस्तीच्या वाटेला लागले, म्हाळू पुढे आणि आप्पाराव मागे.